स्मोक्ड सॅमन, लिस्टेरिया आणि व्ही-४१: माशाच्या पोटातल्या जिवाणूचं प्रथिन प्रत्यक्ष पाकिटात कसं वागतं

कोल्ड-स्मोक्ड सॅमन हा न शिजवता खायचा मासा. फिलेला मीठ लावतात, जरा सुकवतात, २० ते २८ अंश सेल्सिअसच्या गार धुरात काही तास टांगतात, कागदासारखे पातळ काप काढतात आणि व्हॅक्यूम पॅक करून फ्रीजमध्ये तीन-चार आठवडे विकतात. (आपल्या बाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, तो मासा वेगळ्या कुळातला, इथला सॅमन अटलांटिकचा.) या सगळ्या साखळीत लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस हा जिवाणू मरेल अशी एकही पायरी नाही. धूर गार आणि मीठ बेताचं. माशातल्या पाण्याच्या हिशेबाने ते ३ ते ५ टक्के भरतं, तर लिस्टेरिया १० टक्के मिठातही तग धरतो. ऑक्सिजन नसला तरी त्याचं अडत नाही आणि ४ अंशांवरही तो हळूहळू वाढतो.

सुक्या बोंबलाशी तुलना केली की अडचण लगेच कळते. उन्हा-वाऱ्यात बोंबलातलं पाणी इतकं उडतं की लिस्टेरियाला वाढायला जागाच उरत नाही. सॅमन मात्र ओलाच राहतो, त्याचा सामू ६ च्या आसपास असतो, आणि ग्राहकाला तो तसाच मऊ, ओलसर हवा असतो. मीठ वाढवलं तर माल विकला जात नाही, गरम केलं तर तो कोल्ड-स्मोक्ड उरत नाही.

लिस्टेरिया बहुतेक वेळा माशाबरोबर थोडा येतो आणि कारखान्यात फार वाढतो. कातडी सोलायचं यंत्र, काप काढायच्या पात्या, पट्ट्याचे सांधे अशा ठिकाणी त्याचा चिकट थर बसतो आणि रोजच्या धुण्याला दाद देत नाही. पाकिटात पडतो तेव्हा तो ग्रॅममागे एक-दोन किंवा त्याहूनही कमी असतो. धोका पुढच्या चार आठवड्यांत तयार होतो. युरोपीय संघाच्या २०७३/२००५ या नियमाने विक्रीच्या पूर्ण मुदतीत ग्रॅममागे १०० ही मर्यादा घातली. मूळ नियमात, ती पाळली जाईल हे उत्पादकाला दाखवता येत नसेल, तर माल कारखान्यातून निघताना २५ ग्रॅममध्ये लिस्टेरिया अजिबात नको अशी अट होती. गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण यांच्यासाठी हा संसर्ग जीवघेणा ठरतो, म्हणून हा आकडा कागदावरचा मानून चालत नाही.

या प्रश्नावर फ्रान्समध्ये, मुख्यतः नाँत शहरातल्या संशोधकांनी, दहा-बारा वर्षं एकाच जिवाणूवर काम केलं: कार्नोबॅक्टेरियम डायव्हर्जेन्स व्ही-४१. लॅक्टिक आम्ल जिवाणूंच्या बॅक्टेरिओसिनवर (दुसऱ्या जिवाणूंना मारणाऱ्या किंवा रोखणाऱ्या प्रथिनांवर) शोधनिबंध ढिगाने आहेत, पण बहुतेक प्लेटवरच्या स्वच्छ वर्तुळापाशी, म्हणजे जिथे लिस्टेरिया वाढला नाही त्या गोल जागेपाशी, थांबतात. व्ही-४१ची गोष्ट वर्तुळापासून माशापर्यंत गेली, आणि हे काम मासाच करत नाही ना, आम्ल करत नाही ना, नुसती गर्दी करत नाही ना, या शंका एकेक करून बाजूला काढल्या गेल्या. म्हणून अभ्यासायला हेच प्रकरण घेतलं आहे.

जिवाणू सापडतो कसा, आणि बहुतेकांना का सापडत नाही

१९९५ मध्ये पिले आणि सहकाऱ्यांनी माशांच्या आतड्यांतून वेगळे केलेले दोन जिवाणू मांडले: कार्नोबॅक्टेरियम पिसिकोला व्ही-१ आणि कार्नोबॅक्टेरियम डायव्हर्जेन्स व्ही-४१. दोघेही लिस्टेरियाला रोखत होते. (पिसिकोलाला आता माल्टॅरोमॅटिकम म्हणतात, जुन्या निबंधांत पहिलंच नाव भेटतं.) थंड पाण्यातल्या माशांच्या आतड्यात आणि व्हॅक्यूममधल्या थंड माशात कार्नोबॅक्टेरियम नेहमीचाच रहिवासी आहे. पाहुणा नसल्यामुळेच तो ४ अंशांवर, मिठात, धुराच्या फिनॉलांसह आरामात वाढतो. दही-चीजमधून आणलेले लॅक्टोबॅसिलस इथे बरेचदा सुस्त पडतात.

पण विद्यार्थी लॅक्टिक जिवाणू शोधायला सवयीने एमआरएस अगर (लॅक्टिक जिवाणूंसाठीचं नेहमीचं वाढ-माध्यम) घेतो, ३७ अंशांना ठेवतो आणि कार्नोबॅक्टेरियम हातचा घालवतो. एमआरएसमधलं ॲसिटेट आणि आम्लता या जिवाणूला सोसत नाहीत. ॲसिटेट वगळलेलं एमआरएस, सामू ८ च्या पुढे नेलेलं माध्यम, एलिकर अगर किंवा यीस्ट अर्क घातलेलं ट्रिप्टिक सोय अगर घ्यावं. तापमान २० ते २५ अंश ठेवावं आणि तीन ते पाच दिवस वाट पाहावी. मासा आणल्यावर आतड्याचा तुकडा बर्फात ठेवून त्याच दिवशी पेरावा. तो खोलीत तासन्‌तास राहिला की वेगाने वाढणारे ग्रॅम-निगेटिव्ह प्लेट व्यापतात.

वर्तुळ दिसलं, म्हणजे काय दिसलं?

चाचणी साधी आहे. लिस्टेरियाचं ताजं कल्चर ०.८ टक्के मऊ अगरमध्ये मिलिलिटरमागे सुमारे १० लाख पेशी येतील असं मिसळायचं, प्लेटवर ओतायचं, गोठल्यावर ५ ते ६ मिलिमीटरच्या विहिरी पाडून त्यात ५० मायक्रोलिटर सुपरनॅटंट (तपासायच्या जिवाणूच्या कल्चरमधला पेशी काढलेला वरचा द्रव) भरायचं. सुरक्षित वर्गाची प्रयोगशाळा नसेल तर रोगकारक नसलेला लिस्टेरिया इनोक्युआ वापरतात. प्लेट उबवण्याआधी दोन-तीन तास फ्रीजमध्ये ठेवली तर प्रथिन नीट पसरतं आणि वर्तुळाची कड स्वच्छ उमटते. ही पायरी वगळली की कमी ताकदीचे नमुने हकनाक ‘निगेटिव्ह’ निघतात.

वर्तुळ तीन-चार वेगळ्या कारणांनी पडू शकतं. लॅक्टिक आम्ल हे पहिलं, म्हणून सोडियम हायड्रॉक्साइडने सुपरनॅटंटचा सामू ६.५ ला आणायचा. हायड्रोजन पेरॉक्साइड दुसरं, म्हणून ते तोडणारं कॅटालेज घालून पाहायचं. तिसरं म्हणजे विषाणू, बॅक्टेरिओफाज: दोन-दोन पट विरळ करत गेलं की बॅक्टेरिओसिनचं वर्तुळ हळूहळू फिकट होत जातं, फाजच्या जागी सुटे सुटे ठिपके उरतात. हे सगळं झाल्यावर विहिरीच्या एका बाजूला, चारेक मिलिमीटरवर, प्रथिन तोडणाऱ्या प्रोटीनेज-के किंवा ट्रिप्सिनचा थेंब ठेवायचा. क्रिया खरोखर प्रथिनाची असेल तर त्या बाजूने वर्तुळ कापलं जातं आणि सकाळी प्लेटवर अर्धा चंद्र दिसतो. ही खूण जोवर दिसत नाही, तोवर ‘बॅक्टेरिओसिन’ हा शब्द वहीत लिहू नये.

इथे एक चूक हमखास होते. सुपरनॅटंट गाळायला साधी नायट्रोसेल्युलोजची चाळणी घेतली तर हे चिकट, धनभारित प्रथिन चाळणीवरच बसतं आणि खाली निष्प्रभ द्रव येतो. प्रथिन कमी धरणारी पॉलिइथर सल्फोनची चाळणी घ्यावी, किंवा सरळ ८० अंशांना १० मिनिटं तापवून पेशी माराव्यात. अशी लहान बॅक्टेरिओसिनं तेवढ्या उष्णतेला जुमानत नाहीत. विरळ द्रावण काचेच्या नळीत ठेवू नये, पॉलिप्रॉपिलीनमध्ये ठेवावं, आणि ०.१ टक्का ट्वीन-८० (साबणासारखं रसायन) घातलं तर भिंतीला चिकटून होणारी घट बरीच थांबते.

ताकद मोजायची ती ‘आर्बिट्ररी युनिट’मध्ये. ५० मायक्रोलिटर भरून ६४ पट विरळ नमुन्यापर्यंत वर्तुळ दिसलं, तर ६४ गुणिले १००० भागिले ५० म्हणजे मिलिलिटरला १२८० युनिट. लिस्टेरियाची जात (स्ट्रेन), अगरची जाडी, पेशींची संख्या बदलली की हा आकडा बदलतो. म्हणून दोन प्रयोगशाळांचे युनिट एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

प्रथिन: ४३ अमिनो आम्लं, दोन टाके

१९९८ मध्ये मेतिव्हिए आणि सहकाऱ्यांनी या प्रथिनाची रचना प्रसिद्ध केली आणि त्याला डायव्हर्सिन व्ही-४१ हे नाव मिळालं. पेशीत ते आधी ६६ अमिनो आम्लांच्या साखळीच्या रूपात बनतं. बाहेर पडताना पुढची २३ कापली जातात आणि ४३चं तयार प्रथिन उरतं, वस्तुमान सुमारे ४५०९ डाल्टन. सुरुवातीलाच टायरोसिन-ग्लायसिन-ॲस्परॅजिन-ग्लायसिन-व्हॅलिन हा क्रम आहे. पेडिओसिनसारख्या बॅक्टेरिओसिनांचा जो गट लिस्टेरियावर खास चालतो, त्या क्लास टू-ए गटाची ही ओळखखूण. चार सिस्टिन मिळून दोन गंधक-पूल बांधतात: १० ते १५ आणि २५ ते ४३. दुसरा पूल साखळीच्या शेपटाला दुमडून टाका घालतो. या गटातल्या बऱ्याच प्रथिनांना पहिला एकच असतो. हे पूल तुटले की क्रिया मंदावते, म्हणून शुद्ध करताना असे पूल तोडणारी डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल ही रसायनं जवळ आणू नयेत.

शुद्ध करायची एक सोपी युक्ती प्रथिनाच्या चिकटपणातूनच निघते. सामू ६ ते ६.५ ला ते स्वतःच्याच पेशींच्या पृष्ठभागावर बसतं, सामू २ ला मीठ घातलेल्या द्रावणात सुटतं. कल्चर सामू ६.५ ला ढवळत ठेवायचं, पेशी सेंट्रिफ्यूजने गोळा करायच्या, मग थोड्याशा आम्ल द्रावणात प्रथिन उतरवून घ्यायचं. मोठ्या ब्रॉथमधलं बरंचसं प्रथिन लहानशा आकारमानात येतं. त्यानंतर धन-आयन बदलणारा स्तंभ आणि शेवटी रिव्हर्स-फेज एचपीएलसी.

हे प्रथिन लिस्टेरियाच्या पटलावर कुठेही बसत नाही. मॅनोज साखर आत ओढणारी जी यंत्रणा पटलात असते, तिच्या भागांना ते पकडतं आणि तिथे भोक पडतं. आयन गळतात, पेशी गळती थोपवायला एटीपी (पेशीचं इंधन) खर्च करत राहते आणि रिकामी होते. साखरेचा हा दरवाजा ज्यांच्याकडे या रूपात नाही ते वाचतात. बनवणारा कार्नोबॅक्टेरियम स्वतः वाचतो, कारण प्रथिनाच्या जनुकाशेजारीच बचावाच्या प्रथिनाचं जनुक असतं. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरचं आवरण असल्याने प्रथिन आतल्या पटलापर्यंत पोचतच नाही. मासा खराब करणारे शेवानेला, फोटोबॅक्टेरियम हे सगळे ग्रॅम-निगेटिव्ह. म्हणजे व्ही-४१ मासा ‘टिकवतो’ असं म्हणणं चूक आहे. तो लिस्टेरिया रोखतो, वास-चव बिघडायची ती आपल्या गतीने बिघडतेच.

माशावर उतरल्यावर

१९९९ मध्ये दुफेस आणि सहकाऱ्यांनी व्हॅक्यूममधल्या स्मोक्ड सॅमनवर ४ आणि ८ अंशांना चाचण्या घेतल्या. व्ही-१ने लिस्टेरिया मारला, व्ही-४१ने तो वाढू दिला नाही. बॅक्टेरिओसिन न बनवणाऱ्या कार्नोबॅक्टेरियमने मात्र लिस्टेरियावर परिणाम केला नाही. पुढे २००४ च्या सुमारास ब्रिये आणि सहकाऱ्यांनी अनेक लिस्टेरिया जातींच्या मिश्रणावर पाहिलं, तेव्हा तोल उलटा झुकला: व्ही-४१ सर्वांत भरवशाचा ठरला आणि चार आठवडे लिस्टेरिया ग्रॅममागे ५० च्या खाली राहिला. एका जातीवरच्या यशावरून निवड करू नये, याचं हे ठळक उदाहरण. प्लेटवर किंवा एकाच जातीवर जो तगडा दिसतो, तोच दहा जातींच्या मिश्रणावर टिकेल असं नाही.

जिवंत जिवाणू न घालता नुसता प्रथिनाचा अर्क घातला तर? अर्क पहिल्या दिवसांत लिस्टेरियाला दाबतो, पण सॅमन हा चरबीचा मासा आहे. प्रथिन चरबीत आणि स्नायूच्या प्रथिनांत अडकतं, माशातले आणि इतर जिवाणूंचे प्रोटिएज त्याला तोडतात, आणि कापांच्या घड्यांत ते सारखं पसरतही नाही. वाचलेल्या मोजक्या पेशींना पुढचे तीन आठवडे मोकळे मिळतात. जिवंत व्ही-४१ जिथे लिस्टेरिया वाढू शकतो त्याच ओल्या पृष्ठभागावर स्वतः वाढतो आणि झिजणारं प्रथिन पुन्हा भरत राहतो. अर्क विकत घेऊन शिंपडण्याचं आकर्षण कारखानदाराला स्वाभाविक वाटतं, पण या माशात जिवाणूच घालावा असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता सर्वांत कळीची शंका. कोणताही लॅक्टिक जिवाणू ग्रॅममागे १ ते १० कोटींवर गेला की अन्न संपवून, गर्दी करून इतरांची वाढ थांबवतो. डेन्मार्कमध्ये निल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये नेमकं हेच दाखवलं: बॅक्टेरिओसिन न बनवणाऱ्या एका कार्नोबॅक्टेरियमनेही लिस्टेरियाला रोखलं, बनवणाऱ्याने संख्या आणखी खाली आणली. मग प्रथिनाचा वाटा किती? दोन वेगळ्या जातींची तुलना करून याचं उत्तर मिळत नाही, कारण त्यांच्यात वाढीचा वेग, साखर वापरायची सवय, सगळंच वेगळं असतं. उत्तर मिळवायला हवा त्याच जातीचा, फक्त हे एक प्रथिन हरवलेला भाऊ. २००३ मध्ये रिशार आणि सहकाऱ्यांनी डायव्हर्सिन न बनवणारा व्ही-४१चा म्युटंट वापरला. मूळ व्ही-४१ने लिस्टेरिया रोखला, म्युटंटने नाही. वेग तोच आणि माध्यम तेच असताना फरक उरतो तो प्रथिनाचा. या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा प्रयोग आम्ही हाच मानतो.

अशी चाचणी मांडायची तर

एका पाकिटात १०० ग्रॅम काप. पाच गट: काहीच न घातलेला, फक्त लिस्टेरिया, लिस्टेरिया आणि व्ही-४१, लिस्टेरिया आणि म्युटंट, लिस्टेरिया आणि अर्क. चार-पाच जातींचं लिस्टेरिया-मिश्रण आधी ८ अंशांना काही दिवस थंडीला सरावू द्यावं, मग ग्रॅममागे १० ते ५० येईल इतकं घालावं. ग्रॅममागे १ लाख लिस्टेरिया घालून केलेल्या चाचण्या खऱ्या कारखान्यातल्या परिस्थितीशी जुळत नाहीत.

व्ही-४१चं कल्चर सेंट्रिफ्यूज करून, ०.८५ टक्के मिठाच्या पाण्याने दोनदा धुऊन, मिलिलिटरला १० कोटी पेशी येतील असं करावं. त्यातलं १ मिलिलिटर १०० ग्रॅमवर फवारलं की ग्रॅममागे १० लाख पेशी पडतात. धुणं टाळू नये. ब्रॉथमध्ये आधीच जमलेलं प्रथिन पेशींबरोबर माशावर गेलं, तर पहिल्या दिवशीची घट जिवंत जिवाणूच्या खाती चुकून जमा होते. द्रव १ टक्क्यापेक्षा जास्त घालू नये. कापांवर पाणी सुटतं आणि मिठाचं प्रमाण बदलतं. पेशी फार कमी टाकणंही धोक्याचं, कारण या गटातले अनेक कार्नोबॅक्टेरियम पुरेशी गर्दी झाल्याचा संकेत मिळाल्यावरच बॅक्टेरिओसिन बनवायला लागतात. ग्रॅममागे हजारभर टाकले तर मासा लिस्टेरियाच्या ताब्यात गेल्यावर त्यांना जाग येते.

पाकिटं ४ आणि ८ अंशांना ठेवावीत. दुकानातला फ्रीज नेहमी ४ वर असत नाही. ०, ७, १४, २१ आणि २८व्या दिवशी प्रत्येक गटातली तीन पाकिटं उघडावीत. २५ ग्रॅम मासा २२५ मिलिलिटर द्रावणात फेटायचा, त्यातलं १ मिलिलिटर तीन प्लेटांवर वाटून पसरायचं. एक वसाहत म्हणजे ग्रॅममागे १०. यापेक्षा खाली पाहायचं तर संवर्धन (नमुना ब्रॉथमध्ये ठेवून मोजक्या पेशी वाढवणं) करावं लागतं, आणि तिथे एक सापळा आहे. नमुन्याबरोबर जिवंत व्ही-४१ आणि त्याचं प्रथिन संवर्धनाच्या ब्रॉथमध्येही जातं आणि तिथेच लिस्टेरियाला दाबू शकतं. मग अहवाल ‘आढळला नाही’ असा येतो आणि मासा मात्र दूषित असतो. म्हणून व्ही-४१ घातलेल्या, लिस्टेरिया नसलेल्या माशाच्या २५ ग्रॅममध्ये ५ ते १० लिस्टेरिया पेशी मुद्दाम टाकून तेच संवर्धन चालवावं. त्या सापडल्या नाहीत, तर बाकीच्या ‘निगेटिव्ह’ना किंमत नाही.

चव आणि टायरामीन याही बाजू पाहाव्या लागतात. कार्नोबॅक्टेरियम टायरोसिनपासून टायरामीन बनवतो, आणि एमएओ-इनहिबिटर गटाची औषधं घेणाऱ्यांना त्याने रक्तदाब वाढतो. २००५ मधल्या व्ही-४१च्या चाचणीत आम्लता, बायोजेनिक अमाइन आणि चव घेणाऱ्या पॅनेलचे शेरे हे सगळं तपासलं गेलं, आणि मालाची चव-वास बिघडल्याचं आढळलं नाही. हे निष्कर्ष त्या एका जातीचे आहेत. दुसरा कार्नोबॅक्टेरियम घेतला तर ही पूर्ण मालिका पुन्हा करावी लागते.

शेवटचा मुद्दा प्रतिकाराचा. मॅनोजच्या दरवाज्याची जनुकं बंद केलेले लिस्टेरिया निसर्गतः अधूनमधून निघतात, आणि ते क्लास टू-ए गटातल्या एका प्रथिनाला दाद देत नसतील तर बाकीच्यांनाही सहसा देत नाहीत. म्हणजे डायव्हर्सिनला कंटाळून पेडिओसिनकडे वळलं तरी सुटका होईलच असं नाही. वेगळ्या पद्धतीने काम करणारं निसिन हे बॅक्टेरिओसिन जोडीला ठेवणं त्यापेक्षा शहाणपणाचं. पात्या आणि पट्टे धुण्याची शिस्त सैल झाली तर अशा वाचलेल्या पेशी कारखान्यातच घर करतात. म्हणून २८व्या दिवशी व्ही-४१च्या पाकिटातून ज्या लिस्टेरिया वसाहती उगवतील, त्या फेकू नयेत. प्रत्येक वसाहत ताज्या ब्रॉथमध्ये बॅक्टेरिओसिनशिवाय दोनदा वाढवावी, मग मूळ जातीशेजारी त्याच प्लेटवर पुन्हा विहीर पाडून ताडून पाहावी. वर्तुळ तेवढंच पडलं तर ती पेशी प्रथिनापासून कुठेतरी कापाच्या घडीत लपून वाचली होती, आणि फवारणी सुधारावी लागेल. वर्तुळ पडलंच नाही, तर ती वसाहत उणे ८० अंशांना जपून ठेवून त्या ओळीतल्या यंत्रांचे नमुने त्याच आठवड्यात घ्यावेत.